वाघ दिसला, तर कुणाला आणि किती सांगावे?

मार्चअखेरीस मोहफुलांचा सडा पडू लागला, की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतील गावांमधली माणसे पहाटेच्या अंधारातच टोपल्या घेऊन रानाकडे निघतात. आदल्या संध्याकाळी गावाजवळच्या नाल्यात वाघ बसलेला कुणी पाहिला असेल, तर ती गोष्ट पहाटेपूर्वी घरोघरी पोचलीच पाहिजे. ती न पोचल्यामुळे माणसे दगावली आहेत. तोच निरोप फोटोसह चार व्हॉट्सॲप गटांत गेला, तर मात्र दुपारपर्यंत तो नागपुरात पोचतो आणि संध्याकाळी पांदण रस्त्यावर अनोळखी गाड्या उभ्या राहतात. त्यातली एखादी गाडी केवळ फोटोसाठी आलेली नसते.

मी काही वर्षांपासून आमच्या भागातील वन्यप्राण्यांच्या नोंदी ठेवतो. या कामातून माझे मत असे झाले आहे की ‘ठिकाण सांगावे की लपवावे’ हा प्रश्न चुकीच्या जागी सुरू होतो. ज्याच्या जिवाशी किंवा पिकाशी त्या माहितीचा आज संबंध आहे, त्याला ती आधी आणि नेमकी मिळाली पाहिजे. ज्याला केवळ अभ्यासासाठी किंवा कुतूहलापोटी हवी आहे, त्याला ती उशिरा आणि ढोबळ मिळाली तरी त्याचे काही बिघडत नाही. हा फरक प्रत्यक्षात कसा पाळायचा, हे पुढे क्रमाने मांडले आहे. नोंदी ठेवणारे शिक्षक, जैवविविधता व्यवस्थापन समितीचे सदस्य, गाइड, पक्षीनिरीक्षक आणि शेतकरी अशा सर्वांना ते उपयोगी पडावे.

१. आधी नोंद, मग निरोप

जे दिसले ते स्वतःच्या वहीत पूर्ण लिहून ठेवावे: तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, मोबाइलने दाखवलेली अचूकता, प्रत्यक्ष प्राणी दिसला की केवळ ठसे, विष्ठा किंवा झाडावरचे ओरखडे, आणि पाहणारा कोण. अचूकतेचा आकडा आवर्जून लिहावा, कारण मोकळ्या माळावर पाच-सात मीटरची चूक दाखवणारा फोन दाट झाडीत किंवा खोल नाल्यात बराच जास्त चुकतो. दुसऱ्याला सांगताना ठिकाण ढोबळ करायचे असले, तरी वहीत ते ढोबळ करू नये. पुढे दहा वर्षांनी कुणी त्या वहीच्या आधारे रानाची बाजू मांडणार असेल, तर त्याला नेमका बिंदूच लागेल.

आणि कुठल्याही कारणाने खोटे ठिकाण लिहू नये. ‘शिकाऱ्यांची दिशाभूल व्हावी’ म्हणून मुद्दाम दुसऱ्या तालुक्याचे नाव देणारे सद्हेतूचे लोक मी पाहिले आहेत, परंतु खोट्या ठिकाणाने काय होते हे मेळघाटात आढळणाऱ्या रानपिंगळ्याच्या इतिहासाने दाखवून दिले आहे. १८७३ मध्ये वर्णन झालेल्या या लहान घुबडाचा शेवटचा खरा नमुना १८८४ मधला. त्यानंतर १९१४ मध्ये गुजरातेत तो मिळाल्याची चिठ्ठी रिचर्ड माइनरट्झहागेन या इंग्रज संग्राहकाच्या एका नमुन्यावर होती. हा नमुना प्रत्यक्षात दुसऱ्याने फार पूर्वी गोळा केलेला, चोरलेला आणि नव्या चिठ्ठीने सजवलेला होता, हे पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघडकीस आणले. ती खोटी नोंद बाजूला सारून जुन्या खऱ्या ठिकाणांच्या आधारे शोध घेतला, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ हा पक्षी पुन्हा सापडला. म्हणून ठिकाण लपवायचे असेल, तर ‘ठिकाण राखून ठेवले आहे’ किंवा ‘ठिकाण ढोबळ केले आहे’ असे स्पष्ट लिहावे.

२. आज कुणाच्या जिवाशी संबंध आहे?

वाघ, बिबट किंवा अस्वल वस्तीजवळ, मोहाच्या झाडांजवळ, तेंदूपाने तोडण्याच्या वाटेवर किंवा गुरे चरतात त्या पडीत जागेवर दिसले, तर बाकी सगळा विचार मागे ठेवून आधी हे काम करावे. बीटच्या, म्हणजे जंगलाच्या त्या भागाच्या, वनरक्षकाला फोन करावा. तो लागला नाही तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर सांगावे. पोलीस पाटील आणि गावात प्राथमिक प्रतिसाद दल (वन्यप्राणी गावाजवळ आल्यास मदत करणारे गावकऱ्यांचे पथक) असल्यास त्यांना कळवावे. आणि त्या बाजूला ज्यांची शेते आहेत, जे ढोरकी (गुराखी) गुरे तिकडे नेतात, त्यांच्या घरी स्वतः जाऊन सांगावे. येथे ठिकाण ढोबळ करणे धोक्याचे आहे. ‘जंगलात वाघ आहे’ या वाक्याने कुणीही सावध होत नाही, कारण वाघ जंगलात आहे हे आमच्या गावांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

निरोपाचे शब्दही महत्त्वाचे आहेत. ‘बोडीजवळ (लहान तळ्याजवळ) वाघीण आणि तीन बछडे’ हा निरोप पाहायला येण्याचे आमंत्रण ठरतो. ‘बोडीच्या बाजूने उद्या सकाळी उजाडेपर्यंत कुणी जाऊ नये, गुरे दुसऱ्या बाजूने न्यावीत, पुढची सूचना उद्या संध्याकाळी मिळेल’ या निरोपात गावाला हवे ते सर्व आहे आणि तमाशा पाहणाऱ्याला काहीच नाही. त्याला मुदतही आहे, आणि ती असायलाच हवी, कारण जुने इशारे फिरत राहिले की नव्या इशाऱ्यावरचा विश्वास उडतो. शक्य असेल तेथे हा निरोप तोंडी, दवंडीने किंवा मंदिराच्या भोंग्यावरून द्यावा. आवाज गावाच्या शिवेपाशी थांबतो, फोटो थांबत नाही. ताडोब्याच्या बफर क्षेत्रातील सीतारामपेठ येथे कॅमेऱ्यांच्या मदतीने, वाघ गावाकडे येताच इशारा मिळेल अशी यंत्रणा २०२३ मध्ये बसवण्यात आली, तिचेही तत्त्व हेच आहे: ज्या गावाला धोका आहे त्या गावाला त्याच क्षणी कळावे.

गाय, बैल किंवा बकरी मारली गेली असेल, तर प्रकरण अधिक नाजूक होते. नुकसानभरपाईसाठी ४८ तासांच्या आत वन विभागाला कळवून जागेवर पंचनामा करून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी ठिकाण काटेकोर सांगावेच लागते. मात्र ते वनरक्षकापलीकडे जाऊ देऊ नये. वाघ आपल्या शिकारीवर परत येतो, हे ज्याला माहीत आहे त्याच्या दृष्टीने मेलेल्या जनावराची जागा म्हणजे वाघाच्या येण्याची जागा असते. त्या मांसावर विष टाकून वाघ मारल्याच्या घटना देशाच्या अनेक भागांत घडल्या आहेत. ज्याचे जनावर गेले त्या शेतकऱ्याचे नाव आणि शेताचा फोटोही पसरवू नये. त्याचा संताप खरा असतो, आणि त्या संतापाला हवा देणारे लोक फोटो पाहूनच गोळा होतात. त्याला भरपाई लवकर मिळवून देणे हा वाघ वाचवण्याचा सगळ्यात सरळ मार्ग आहे, असे मी अनुभवाने म्हणतो.

३. धोका कसा जोखावा

तातडीचे काम संपल्यावर शांतपणे बसून उरलेल्या जगाला काय सांगायचे ते ठरवावे. पहिला विचार बाजाराचा. वाघाचे कातडे आणि हाडे, खवल्या मांजराचे खवले, अंधश्रद्धेपोटी मांडूळ, दिवाळीच्या आसपास घुबड, पाळण्यासाठी तारा कासव, खाण्यासाठी घोरपड: यांतले काहीही असेल, तर नेमके ठिकाण उघड करण्याच्या बाजूने फार मोठे कारण असल्याशिवाय ते उघड करू नये. ही भीती काल्पनिक नाही. दक्षिण चीनमधील गुहांत राहणाऱ्या पालीच्या एका प्रजातीचे वर्णन १९९९ मध्ये ठिकाणासह प्रसिद्ध झाले, तेव्हा पाळीव प्राण्यांच्या व्यापाऱ्यांनी तिच्यावर अशी झडप घातली की त्या मूळ ठिकाणाहून ती जवळजवळ नाहीशी झाली.

दुसरा विचार प्राणी जागेला किती बांधलेला आहे याचा. रस्ता ओलांडताना दिसलेला रानकुत्र्यांचा कळप दुसऱ्या दिवशी भलतीकडे असतो. घरटे, बीळ, गुहा, रोज रात्री बसायचे झाड आणि पिल्ले ठेवलेली झुडपांची जाळी मात्र हलत नाहीत. २०१९ मध्ये यवतमाळमधील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, गळ्यात जागा कळवणारी कॉलर लावलेला तरुण वाघ सुमारे १,३०० किलोमीटर चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या महिन्यापूर्वीच्या जागेचा शिकाऱ्याला काही उपयोग नव्हता. एप्रिल-मेमधल्या पाणवठ्याचे तसे नाही. आमच्याकडे त्या दिवसांत नाले कोरडे पडतात, काही मोजक्या ठिकाणीच पाणी उरते, आणि प्रत्येक प्राण्याला तेथे यावेच लागते. लोखंडी सापळा लावणारा अशा पाणवठ्याची वाटच शोधत असतो. म्हणून उन्हाळ्यात ‘कोणता प्राणी दिसला’ यापेक्षा ‘कोणत्या पाण्यावर दिसला’ ही माहिती जास्त जपावी, मग प्राणी साधा चितळ का असेना.

तिसरा विचार गर्दीचा. शिकार न करताही माणसे प्राण्याचे जगणे अवघड करतात. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी बछड्यांसह चाललेल्या वाघिणीची वाट दोन्ही बाजूंनी अडवली, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. हे प्रवेशद्वार, गाइड आणि नियम असलेल्या जागी घडले. गावाशेजारच्या झुडपी जंगलात तर अडवणाराही कुणी नसतो.

मी स्वतः एकदा चुकलो आहे. आमच्या शिवारातील एका जुन्या मोहाच्या ढोलीतल्या घुबडाच्या पिल्लांचा फोटो मी एका गटात टाकला. गावाचे नाव लिहिले नव्हते, पण मागे हनुमानाच्या पाराचा कोपरा दिसत होता, आणि आठवड्याभरात ढोली रिकामी झाली. ती कुणी केली हे मला कळले नाही. त्यानंतर फोटो पाठवण्यापूर्वी मी प्राण्याकडे कमी आणि त्याच्या मागच्या बाजूकडे जास्त पाहतो.

४. न सांगितल्याने होणारे नुकसान

एवढे वाचून सगळेच लपवावे असे वाटेल, आणि वन विभागातील तसेच संशोधनातील पुष्कळ माणसे तसेच करतात. मला ते मान्य नाही. ज्या रानातल्या प्राण्यांची कुठेच नोंद नाही, ते रान कागदावर रिकामे असते. खाण, रस्ता किंवा कारखाना येताना पर्यावरणविषयक जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी निघते. त्या ३० दिवसांत नवी नोंद करायला सुरुवात करणाऱ्या गावाचे म्हणणे फारसे टिकत नाही, आणि पाच वर्षांची वही घेऊन उभे राहणाऱ्या गावाचे म्हणणे सहज बाजूला सारता येत नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी भुयारी मार्ग आणि पूल अशा नऊ जागा सोडण्यात आल्या, आणि वाघांसह अनेक प्राणी त्या वापरताना कॅमेऱ्यांत टिपले गेले. प्राणी कुठून रस्ता ओलांडतात हे कुणी नोंदवलेच नसते, तर अशा जागांची मागणी कशाच्या बळावर झाली असती?

काही नोंदी तर मुक्तहस्ते आणि नेमक्या बिंदूसह द्याव्यात. रस्त्यावर चिरडलेले साप, उदमांजर, कोल्हे आणि नीलगायी, कठडा नसलेल्या विहिरी, ज्यांत बिबट आणि अस्वले पडतात, लोंबकळणाऱ्या वीजतारा, यांचे अक्षांश-रेखांश बांधकाम विभागाला, ग्रामपंचायतीला आणि वीज कंपनीला लेखी द्यावेत. धोक्याची जागा उघड केल्याने प्राण्याला इजा होत नाही. फक्त मृत वाघ, बिबट किंवा खवल्या मांजर आढळले, तर ते वन विभागाखेरीज कुणालाही कळवू नये.

कुंपणात वीजप्रवाह सोडण्याचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. उमरेड-कऱ्हांडल्याचा प्रसिद्ध वाघ ‘जय’ एप्रिल २०१६ मध्ये गळ्यात कॉलर असूनही बेपत्ता झाला आणि पुन्हा सापडला नाही. त्याचा बछडा मानला जाणारा ‘श्रीनिवास’, त्यालाही कॉलर होती, एप्रिल २०१७ मध्ये नागभीड तालुक्यात शेताच्या वीजतारेने मारला गेला. उपग्रहाला वाघाची जागा कळत असली, तरी डुकरांपासून पीक वाचवण्यासाठी रात्री तार जोडणाऱ्या शेतकऱ्याशी कुणी बोललेले नसेल, तर त्या माहितीने वाघ वाचत नाही. वाघाची नेहमीची वाट ज्या धुऱ्यांवरून (शेताच्या बांधांवरून) जाते, त्या शेतकऱ्यांना ती विश्वासाने सांगणे आणि सौर कुंपणाच्या योजनेचा अर्ज त्यांच्यासोबत बसून भरणे, हे काम नकाशे बनवण्याइतकेच गरजेचे आहे.

५. किती ढोबळ, किती उशिरा

अक्षांश-रेखांशातील दशांश चिन्हापुढचे आकडे कमी करणे हा ठिकाण ढोबळ करण्याचा सोपा मार्ग आहे. चार आकडे ठेवले तर जागा सुमारे ११ मीटरपर्यंत कळते, तीन ठेवले तर ११० मीटर, दोन ठेवले तर १.१ किलोमीटर, आणि एकच ठेवला तर सुमारे ११ किलोमीटर. आपल्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम अंतर याहून किंचित कमी भरते. बाजार असलेल्या किंवा घरट्यात असलेल्या प्राण्यासाठी एक आकडा, इतर संवेदनशील नोंदींसाठी दोन, आणि साध्या पक्ष्यांसाठी पूर्ण बिंदू, असा माझा प्रघात आहे.

पण केवळ आकड्यांवर विसंबू नये. एक किलोमीटरच्या चौकोनात एकच मामा तलाव (जुना मालगुजारी तलाव) असेल आणि नोंद पाणपक्ष्याची असेल, तर दोन आकड्यांनी काहीच लपत नाही. एकाच घरट्याच्या दहा नोंदी दर वेळी थोड्या वेगवेगळ्या सरकवून दिल्या, तर त्यांची सरासरी काढणारा खऱ्या जागेजवळ पोचतो; म्हणून ठिकाण दर वेळी एकाच ठरलेल्या चौकोनात ढोबळ करावे. वन विभागाचा कक्ष क्रमांकही (जंगलाच्या लहान तुकड्याला दिलेला क्रमांक) अनेकांना निरुपद्रवी वाटतो, परंतु नकाशा असलेल्या माणसाला तो बराच नेमका असतो. बाहेरच्यांसाठी तालुका पुरे.

उशीर हे याहून चांगले साधन आहे. गोंदिया-भंडाऱ्यातील सारस पावसाळ्यात धानाच्या बांधीत (शेतात) किंवा तलावाच्या उथळ काठाला घरटे करतो आणि साधारण महिनाभर अंडी उबवतो. त्या काळात घरट्याची नेमकी जागा बांधीचा मालक, शेजारचे शेतकरी, वनरक्षक आणि सारसांची मोजणी करणारी मंडळी एवढ्यांनाच माहीत असावी. शेतकऱ्याला ती माहीत असणे अटळ आहे. खुरपणी आणि फवारणी करताना घरटे टाळणारा तोच, आणि कुत्री हाकलणाराही तोच. बाकीच्यांना दिवाळीनंतर, पिल्ले मोठी झाल्यावर, तालुक्याच्या नावासह सांगावे. जोडी पुढच्या वर्षी बहुधा त्याच परिसरात येते, त्यामुळे नेमका बिंदू तेव्हाही देऊ नये.

६. फोटो, फोन आणि ॲप

मोबाइलच्या कॅमेऱ्यातील लोकेशन बंद करून मगच रानात जावे. वहीसाठीचा बिंदू वेगळ्या ॲपमध्ये घ्यावा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर त्यातील जीपीएसची माहिती निघून जाते, पण तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ती जशीच्या तशी जाते, आणि संशोधकांना चांगल्या दर्जाचा फोटो हवा असल्याने नेमके असेच घडते. फोटोतील टेकडी, देऊळ, विजेच्या खांबाचा क्रमांक आणि मैलाचा दगड कापून टाकावा. सफारीत असताना स्टेटस ठेवू नये. फोटो हवा तेव्हा टाका, पण महिन्याने.

निसर्गनोंदींच्या आयनॅचरलिस्ट या ॲपवर धोक्यातील बऱ्याच प्रजातींचे ठिकाण आपोआप सुमारे २२ किलोमीटर बाजूच्या चौकोनात झाकले जाते, आणि इतर नोंदींसाठी ‘झाकलेले’ किंवा ‘खासगी’ हा पर्याय आपल्याला निवडता येतो. पक्ष्यांच्या नोंदींच्या ईबर्डवरही संवेदनशील ठरवलेल्या पक्ष्यांच्या नोंदी सर्वांना नेमक्या दिसत नाहीत. मात्र या याद्या मोठ्या प्रदेशासाठी केलेल्या असतात. तुमच्या गावच्या वडावरील पिंगळ्याला भगताकडून धोका आहे हे त्या यादीला ठाऊक नसते, तो निर्णय तुम्हीच घ्यायचा असतो. आणखी एक चूक फार होते: घुबडाची नोंद झाकायची आणि त्याच झाडावरच्या साळुंकीची नोंद पाच मिनिटांनी उघड्या बिंदूसह टाकायची.

७. नोंदी कुणाच्या ताब्यात

प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता कायद्यानुसार लोक जैवविविधता नोंदवही (गावातील सजीवांची नोंद ठेवणारी वही) असायला हवी, आणि गडचिरोलीतील मेंढा-लेखासारख्या गावांना २००९ पासून सामूहिक वन हक्क मिळाले आहेत. वन हक्क कायदा २००६ ग्रामसभेला वन्यजीव राखण्याचा अधिकारही देतो. म्हणून बाहेरचा अभ्यासक, वाहिनी किंवा संस्था नोंदी मागेल तेव्हा एकट्याने निर्णय न घेता तो ग्रामसभेपुढे किंवा जैवविविधता व्यवस्थापन समितीपुढे ठेवावा, आणि चार गोष्टी लेखी घ्याव्यात: माहिती कशासाठी हवी, किती नेमकी हवी, ती कुणाकुणाला दिसेल, आणि निष्कर्ष गावाला मराठीत कधी मिळतील. नोंदवहीतील नेमक्या जागांचे पान वेगळे ठेवावे; सर्वांना दाखवायच्या प्रतीत ते नसावे.

कॅमेरा ट्रॅपमध्ये (रानात लावलेल्या, हालचालीने आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्यांत) सरपण आणणाऱ्या बायका आणि गुराखीही येतात. त्यांचे फोटो पुसून टाकावेत. वाघाच्या नोंदीसाठी माणसांवर पाळत बसली, तर गाव पुढच्या वेळी काहीही सांगणार नाही आणि ते योग्यच ठरेल.

संगणकातील फाइलला पासवर्ड असावा आणि तो गटात पाठवू नये. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातील पन्ना येथील एका वाघाच्या कॉलरची माहिती ज्या ईमेल खात्यात येत होती, ते खाते परक्या ठिकाणाहून उघडण्याचा प्रयत्न झाला होता. तो फसला, पण त्या खात्यात काय आहे हे कुणाला तरी माहीत होते.

८. ठिकाण आधीच फुटले असेल तर

एवढे करूनही कधीतरी कुणाच्या तरी फोनमधून ठिकाण बाहेर पडते. अशा वेळी टाकणाऱ्याला गटात सर्वांसमोर झापू नये; त्याने तो फोटो हटण्याऐवजी चर्चेत राहतो. त्याला थेट फोन करून फोटो काढून टाकायला सांगावे, आणि निषेधासाठी म्हणूनही तो पुढे पाठवू नये. लगेच वनरक्षकाला कळवून तेथील गस्त वाढवण्याची विनंती करावी. अनोळखी गाडी दिसली तर तिचा क्रमांक लिहून घ्यावा, अडवायला एकट्याने जाऊ नये. घरटे असेल, तर पिल्ले उडेपर्यंत शेजारच्या शेतकऱ्यांसोबत राखणीच्या पाळ्या लावाव्यात. सकाळची पाळी गुरे सोडण्याच्या वेळी, संध्याकाळची ती परत येण्याच्या वेळी ठेवली, तर कुणाच्या कामाचा फारसा खोळंबा होत नाही आणि झाडाजवळ दिवसातून दोनदा ओळखीचे माणूस असते.